शिकायचं दोघांनी

लंडन

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

कॉलेजला जायला तू जुनी सायकल घेतलीस, असं ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. पण "पुण्यात चालवलीय, इथं काय वेगळं शिकायचं?" असंही म्हणालास म्हणे, म्हणून हे पत्र.

पुण्यात मागचा माणूस हॉर्न वाजवून आल्याची वर्दी देतो. आपले कान तयार होतात, मान वळायची राहून जाते. इथं दोन मजली बससुद्धा मुकाट मागे येऊन उभी राहते. म्हणून शनिवारी मी ज्या मोठ्या माणसांना सायकल शिकवते, त्यांना आधी हँडल न हलवता उजव्या खांद्यावरून मागे बघायला लावते. आधी मैदानात, मग शांत गल्लीत, मग वर्दळीत. शाळांमधल्या 'बाइकेबिलिटी' या सायकल-प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्याही अशाच चढत जातात.

दुसरं, डावीकडच्या फटीतून पुढे घुसायची सवय मोडच. सिग्नलला थांबलेल्या लॉरीच्या डाव्या अंगाला कधीही जाऊ नकोस. डावीकडे वळायचं असलं तरी लांब लॉरी आधी जरा उजवीकडे सरकते. आपल्याला वाटतं जागा झाली, आणि तिची मागची चाकं कोपरा कापत आत येतात. उंच केबिनमधल्या चालकाला आपण दिसतही नाही. या शहरात सायकलवरची कितीतरी माणसं अशी गेली आहेत. मागेच थांब, उशीर झाला तर होऊ दे.

उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. शांत रस्त्यावर आणि चौकाजवळ लेनच्या मधोमध चालव. मागचा वैतागला तरी बिचकू नकोस, हायवे कोड हे इथलं रहदारीच्या नियमांचं पुस्तकच तसं सांगतं.

हे सगळं शीक, पण अपघाताचा सगळा भार शिकणाऱ्यावरच टाकला, तर माझा त्याला विरोध आहे. "नीट चालवायला शिकला असता तर वाचला असता" हे लोक फार सहज बोलतात. २९ जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये लिहिलंय, की ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते, त्याची जबाबदारी जास्त. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना मोटारीनं निदान दीड मीटर अंतर ठेवायचं. दार लांबच्या हातानं उघडायचं, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागचा सायकलवाला दिसतो. लॉरीचालकांच्या एका अभ्यासक्रमात तर त्यांनाच सायकलवर बसवून रस्त्यावर नेतात. मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. शेजारून गेलेल्या गाडीचा वारा एकदा अंगावर घेतलेला माणूस अंतर राखायला विसरत नाही.

जास्त जबाबदारीचा तोच नियम तुलाही लागू आहे बरं. पायी चालणाऱ्यापुढे तू मोठा. वळताना कुणी रस्ता ओलांडायला थांबलं असेल, तर त्याला आधी जाऊ दे. फूटपाथवर सायकल घालू नकोस, घाई असली तरी.

तुझ्या भागातली काउन्सिल मोठ्यांना शिकवते का, ते विचार. बऱ्याच ठिकाणी पैसे पडत नाहीत. नाहीतर शनिवारी माझ्याकडे ये, तुझ्या कॉलेजच्या रस्त्यावरच सराव करू. येण्याआधी ब्रेक तपासून घे आणि पुढचा पांढरा, मागचा लाल दिवा बसव. हिवाळ्यात इथं चारलाच अंधारतं, आणि दिव्यांशिवाय चालवणं कायद्यालाही चालत नाही.

तुझी,
मावशी