पिशव्या कोण सांभाळणार?

जत्रा असो, सर्कस असो, नाहीतर बागेतली सहल असो, आमच्या घरात माझी जागा ठरलेली. पिशव्यांपाशी! लग्न होऊन सांगलीला आले त्या वर्षी आम्ही सगळे मिरजेच्या उरुसाला गेलो होतो. नणंदा, दीर, पुतणे झाडून सगळे आकाशपाळण्यात चढले. सासूबाई म्हणाल्या, "तू बस गं इथंच. चपला आणि पिशव्यांकडे लक्ष ठेव." मी जी बसले ती बसलेच. पुढे मुलगा झाला. त्याला मांडीवर घेऊन हे पाळण्यात बसायचे आणि मी खालून हात हलवायची. उंचावर आपल्याला भीती वाटते असं मीच सगळ्यांना सांगत असे. आता खरोखर वाटते की नाही, ते बघायचा प्रसंगच कधी आला नव्हता!

तर अशी मी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, 2019 च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या दारात उभी होते. मुलाचं घर तिथून मोटारीनं पाऊण तासावर. नात नऊ वर्षांची. आम्ही पोचल्यापासून तिचा एकच धोशा, आजीला पीटर पॅन दाखवायचा. तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. मी मनातल्या मनात सत्तरनं गुणलं आणि "मी बाहेर बसते गं, तुम्ही जाऊन या," असं म्हणून पाहिलं. पण तिकिटं घरूनच काढलेली होती. दारात पिशव्या उघडून तपासतात. माझ्या पिशवीत मेथीचे ठेपले, लिंबाचं लोणचं आणि सांगलीहून नेलेल्या भडंगाचा पुडा. तपासणाऱ्या मुलीनं भडंगाचा वास घेतला, हसली आणि जा म्हणाली. घरचं खाणं आत नेऊ देतात, हे मैत्रिणींनी ध्यानात ठेवावं. आतल्या किमती ऐकून भूक मरते. दुसरं म्हणजे साडीवर कॅनव्हासचे बूट घालायची लाज बाळगू नये. मी दिवसभर घातले, आणि तिथं कुणी माझ्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही.

हे डिस्नेलँड 17 जुलै 1955 ला उघडलं. त्याआधी तिथं संत्र्यांच्या बागा होत्या. म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठं. आत एक भाग नुसता परीकथांचा. राजवाड्याच्या कमानीखालून पलीकडे गेलं की गोल फिरणारे घोडे, गरगरणाऱ्या कपबशा, उडते हत्ती. तिथंच हा पीटर पॅन. पहिल्या वर्षापासूनचा आहे, आणि अजून त्याच्यापुढची रांग काही हटत नाही. आम्हाला पाऊण तास लागेल असं पाटीवर लिहिलेलं होतं. मी सवयीनं बाक शोधायला लागले, तर सूनबाईनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून सरळ ह्यांच्या हातात दिली. "आई, आज पिशव्या बाबा सांभाळतील." ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण गुडघ्यांची तक्रार सकाळपासून तेच करत होते, त्यामुळे बोलता येईना!

रांगेत नातीनं मला गोष्ट सांगितली. तिच्या मराठीत निम्मं इंग्रजी, पण आजीला समजावं म्हणून बिचारी अडखळत मराठी शब्द शोधत होती. लंडनमधलं एक घर. तीन मुलं, वेंडी, जॉन आणि मायकेल. त्यांना सांभाळायला आयाच्या जागी चक्क एक कुत्री, तिचं नाव नाना. एका रात्री आईबाप बाहेर गेलेले असताना खिडकीतून पीटर पॅन येतो. हा मुलगा कधी मोठाच होत नाही. तो मुलांना उडायला शिकवतो आणि खिडकीतून घेऊन जातो, दूर एका बेटावर. तिथं चाचे आहेत, जलपऱ्या आहेत, आणि आई नसलेली मुलं आहेत. ती मुलं वेंडीलाच आई करतात. मी म्हटलं, "म्हणजे तिथं जाऊनही तिला शिवणटिपणच!" नात म्हणाली, "हो आजी, ती त्यांचे सॉक्स शिवते."

"आणि त्यांची खरी आई?"

"ती खिडकी ओपन ठेवते ना. रोज. मुलं परत येतील म्हणून." मग ती जरा थांबली. "पण पीटरच्या आईनं नाही ठेवली. पीटर एकदा घरी गेला होता, तर खिडकीला बार होते. आणि त्याच्या बेडमध्ये दुसराच मुलगा झोपला होता."

मुलगा आमच्या पुढे उभा होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, हातातला फोन मात्र खिशात घातला. आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला.

ते सांगते. मुलगा 2003 साली शिकायला अमेरिकेला गेला. त्याच्या शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलेलं होतं. ह्यांचा पगार बेताचा. दुसऱ्या वर्षी आम्ही त्याची खोली इंजिनिअरिंगच्या एका मुलाला भाड्यानं दिली. मुलगा सालस, वेळेवर पैसे देणारा. माझ्या हातची आमटी त्याला आवडायची, वाटी नेऊन द्यायची मी. 2005 च्या डिसेंबरमध्ये मुलगा तीन आठवड्यांसाठी घरी आला, तेव्हा त्याच्या पलंगावर तो दुसरा मुलगा होता. त्याची परीक्षा चालू होती, खोली रिकामी कर कसं म्हणणार? आमच्या लेकानं हॉलमध्ये गादी टाकली. एका शब्दानं काही बोलला नाही. आणि मीही नाही. चौदा वर्षं झाली होती, कुणीच बोललं नव्हतं.

असो. आमची पाळी आली. गलबतासारखी एक छोटी होडी, रंगीत शिडाची. खाली रूळ नाहीत, वरच्या रुळाला टांगलेली, त्यामुळे ती झुलते. मी आणि नात आत बसलो. मी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. नात ओरडली, "आजी, डोळे उघड ना!" उघडले, तर आम्ही मुलांच्या निजायच्या खोलीतून चाललो होतो. आणि मग समोर ती खिडकी. आम्ही तिच्यातून सरळ बाहेर पडलो.

बाहेर रात्र. आम्ही खूप उंच, आणि खाली अख्खं लंडन! नदी, पूल, घड्याळाचा तो मनोरा, घराघरांतले बारीक दिवे, रस्त्यांवरून मुंगीच्या पावलांनी सरकणारे मोटारींचे दिवे. वर चांदणं. मला भीती वाटली का? अजिबात नाही! मी कठड्यावरून वाकून खाली बघत होते आणि नातच माझा पदर धरून बसली होती. त्या अंधारात माझ्या साडीवरची पांढरी फुलं निळसर चकाकायला लागली, तिचे पांढरे मोजेही. मला वाटलं, हीच ती परीची जादू. लेकानं नंतर उलगडा केला. तिथं डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण सोडतात, म्हणून चित्रांचे खास रंग अंधारात उजळतात. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे द्रव्य असतं, आपलं टिनोपाल त्याच जातीचं, तेही हे किरण शोषून निळसर उजेड फेकतं. म्हणजे इतकी वर्षं बादलीत कपडे बुचकळून काढताना ही जादू माझ्याच हातात होती म्हणायची!

पुढे ते बेट आलं, जलपऱ्या, कवटीच्या आकाराचा खडक, चाच्यांचं जहाज, आणि मगरीच्या जबड्यात सापडलेला त्यांचा कप्तान. दोन-अडीच मिनिटांत सगळं संपलं. पाऊण तास उभं राहून अडीच मिनिटं! पण खरं सांगू का, बेटाचं मला विशेष काही वाटलं नाही. पुतळे ते पुतळेच. मन अडकलं ते त्या खिडकीशी.

एक गंमत वाचली ती सांगते. 1955 साली हे सुरू झालं तेव्हा आत पीटर पॅनच नव्हता म्हणे. होडीत बसणाऱ्यानं स्वतःलाच पीटर समजावं अशी कल्पना. पण लोक उतरून विचारायचे, पीटर कुठाय? शेवटी 1983 मध्ये त्याला आत आणून ठेवला. आणि ज्यांनी ही गोष्ट लिहिली ते जे. एम. बॅरी, त्यांच्या लहानपणी त्यांचा मोठा भाऊ बर्फावर खेळताना अपघातानं गेला. चौदा वर्षं पूर्ण व्हायला एकच दिवस होता. आईनं अंथरूण धरलं. तो मुलगा आता कायम लहानच राहील, एवढाच त्या माउलीला आधार. हे नाटक 1904 साली लंडनमध्ये आलं, आणि पुढे 1929 मध्ये बॅरींनी त्याचे हक्क तिथल्या लहान मुलांच्या एका इस्पितळाला देऊन टाकले. नातीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे मी मागाहून वाचलं. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

उतरल्यावर नात आईला घेऊन कपबशांकडे पळाली. मी लेकाला म्हटलं, "अरे, पुन्हा एकदा बसूया का? तू आणि मी." तो बघतच राहिला. आई आणि स्वतःहून काही मागतेय! काही न बोलता तो रांगेच्या शेपटाशी जाऊन उभा राहिला.

या वेळी पन्नास मिनिटं. अर्धी रांग सरकेपर्यंत मी गप्पच. मग म्हटलं, "त्या वेळी तुला हॉलमध्ये झोपवलं. राग आला होता का रे?"

कुठली वेळ, असं त्यानं विचारलं नाही.

"राग नाही गं. पहिल्या रात्री झोप लागेना. पाणी प्यायला उठलो आणि सवयीनं खोलीचं दार ढकललं. आतून कडी होती." मग म्हणाला, "एवढंच."

मला काय बोलावं सुचेना. पुढची माणसं सरकली, आम्ही सरकलो.

"भाडं तुझ्या कर्जाच्या हप्त्यात जात होतं," मी म्हटलं.

"काय?"

"चौदाशे रुपये महिना. तेवढाच हातभार."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर तू तिथं एक वेळ उपाशी राहून पैसे पाठवले असतेस. ओळखत नाही का मी तुला?"

तो हसला. मग चष्मा काढून बराच वेळ शर्टाला पुसत बसला. पुढच्या बाईनं मागं वळून बघितलं, तेव्हा मीच उगाच तिच्याकडे बघून हसले.

होडीत बसलो. चाळिशीचा लेक, त्याचे गुडघे समोरच्या फळीला टेकत होते. खोली गेली, खिडकी आली. "आई, खाली बघ," तो म्हणाला, आणि लहानपणी हे त्याला आकाशपाळण्यातून दाखवायचे तसा बोटानं एकेक दिवा दाखवायला लागला.

बाहेर आलो तर हे बाकावर बसल्या बसल्या डुलकी काढत होते. एका पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, दुसरी दोन्ही पायांत धरलेली. भडंगाचा पुडा मात्र पार रिकामा!