किल्ली कोणाजवळ?

भेंडी घेताना गृहिणी शेंडा मोडून पाहते, नारळ घेताना आपण तो कानाशी हलवतो, आणि आंब्याच्या पेटीपुढे तर प्रत्येक मराठी माणूस तज्ज्ञ असतो. कुलूप मात्र आपण हातात तोलतो, ‘भक्कम आहे’ म्हणतो आणि पिशवीत टाकतो. वजनाचा आणि भक्कमपणाचा संबंध कोणी जोडून दिला कोण जाणे! मी एका बँकेत तेहतीस वर्षे काढली. त्यातली निम्म्याहून अधिक कॅशिअर म्हणून. त्यामुळे आमच्या घराण्यात कुलपाबद्दल काही निघाले की माझे मत घेतात. ऐकतात असे नाही, घेतात.

गेल्या वर्षी मात्र प्रश्न जरा निराळा आला. विमानातून बंदूक न्यायची आहे, पेटीला कुलूप कोणते लावावे?

दचकू नका. माझी पुतणी नेमबाज आहे. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, अजून गावीच शेती पाहतो. गाव पोखर्णी. परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर लागते. रेल्वेच्या पाटीवर ‘पोखर्णी नृसिंह’ असे पूर्ण नाव आहे, कारण गाव ओळखले जाते ते नृसिंहाच्या देवळामुळे. आमच्या घरी बंदूक नवी नव्हे. रोही आणि रानडुकरे यांनी ज्वारीत धुमाकूळ घातला म्हणून आजोबांनी परवाना काढून एक ठासणीची बंदूक घेतली होती. तिने किती डुकरे मारली याविषयी घरात मतभेद आहेत. पण निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर सोडवून आणायची, हा मात्र सणासारखा नेम होता.

पुतणीची गोष्ट वेगळी. कॉलेजात एन.सी.सी.त तिने पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात धरली. पुढे छंद लागला, शिक्षक मिळाले, आणि भावाने दोन एकरांवर कर्ज काढून उल्म नावाच्या जर्मन गावात तयार झालेली रायफल घेतली. किंमत सांगत नाही; आमच्या वहिनींना अजून पूर्ण आकडा ठाऊक नाही. परवाना मुलीच्याच नावाचा. आजवर ती स्पर्धांना आगगाडीने जाई आणि रात्रभर पेटीवर पाय ठेवून जागी राही. या वेळी स्पर्धा दिल्लीच्या तुघलकाबादच्या रेंजवर होती. आरक्षण मिळेना, म्हणून चिकलठाण्याहून विमानाने जायचे ठरले.

विमानात बंदूक जवळ बाळगता येत नाही, हे सांगायला नको. ती सामानाच्या पोटातच जाते. आधी काउंटरवर स्वतःहून सांगायचे, परवाना दाखवायचा, रायफल रिकामी आहे हे तपासून घ्यायचे, आणि काडतुसे वेगळी, मजबूत बांधणीत द्यायची. काडतुसांचे वजन वेष्टनासकट माणशी 5 किलोंच्या वर चालत नाही. काही विमान कंपन्या या साऱ्याचा वेगळा आकार घेतात. हे सगळे पार पडले की पेटी तुमच्या डोळ्यांसमोरून जाते, आणि पुढचे काही तास तुमच्या वतीने तिच्याजवळ कोण असते? कुलूप. दुसरे कोणी नाही.

ती पेटी हरवली किंवा उघडली गेली, तर साडी-चोळीची बॅग हरवण्यासारखे ते नव्हे. स्पर्धा बुडेल, कर्ज तसेच राहील, ते एक वेळ सोसता येईल. पण ती रायफल कोणाच्या तरी हाती लागलेली असेल! शस्त्र कायदा 1959 सालचा, त्याखालचे आताचे नियम 2016 चे. हत्यार नीट सांभाळण्याची जबाबदारी परवानेधारकाची, मग तो पन्नास वर्षांचा बागाईतदार असो की बावीस वर्षांची मुलगी.

भावाने बाजारातून दोन कुलपे आणून ठेवली होती. पितळी, घसघशीत, देवळाच्या दानपेटीला शोभावीत अशी. दुकानदाराने ‘बापू, हत्ती बांधा’ असे सांगितले होते म्हणे. आमच्या अमेरिकेतल्या भाच्याने आणखी एक जोड पाठवली होती. चिमुकली, चकचकीत, आकड्यांची, बाजूला लाल चौकटीची खूण. घरातल्या सर्वांचे मत त्या विलायती जोडीकडे झुकलेले.

त्या लाल खुणेची हकीकत ऐकण्यासारखी आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या घातपातानंतर अमेरिकेने विमानतळांच्या सुरक्षिततेसाठी टी.एस.ए. नावाचे खाते काढले. प्रत्येक बॅग तपासायची म्हटल्यावर कुलपे तोडावी लागत. तेव्हा 2003 पासून अशी कुलपे निघाली, की जी तुमच्या आकड्यांनीही उघडतात आणि खात्याजवळच्या ठरावीक किल्ल्यांनीही. सोय झाली. पण 2014 साली एका मोठ्या वर्तमानपत्राच्या लेखात त्या किल्ल्यांच्या जुडग्याचे छायाचित्र छापून आले. छायाचित्र इतके स्वच्छ की पुढल्याच वर्षी लोकांनी त्यावरून किल्ल्यांचे आराखडे तयार केले आणि यंत्रावर प्लॅस्टिकच्या किल्ल्या काढल्या. जुडगा चोरावा लागला नाही. त्याचा फोटो पुरला.

साध्या कपड्यांच्या बॅगेला हे कुलूप मी खुशाल लावीन. पण त्याच अमेरिकेत, बंदुकीच्या पेटीपुरता नियम उलटा आहे. पेटी कठीण कवचाची हवी, कुलूपबंद हवी, आणि किल्ली फक्त प्रवाशाजवळ हवी. कुलूप कोणत्याही जातीचे चालेल, खुणेचेही चालेल, असे ते खातेच सांगते. तरी ज्या कुलपाची किल्ली शेकडो लोकांच्या खिशात आहे, त्याला मी ‘फक्त प्रवाशाजवळ’ म्हणायला तयार नाही. भाच्याची जोडी वहिनींच्या सुटकेसला गेली. त्याला तसे कळवलेले नाही.

आकड्यांच्या कुलपाविषयी आणखी एक गोष्ट. तीन चकत्यांच्या कुलपाचे सारे मिळून एक हजार मेळ होतात. एका मेळाला तीन सेकंद धरा. पन्नास मिनिटांत कोणीही निवांत बसलेला माणूस ते उघडील, अक्कल लागत नाही. चार चकत्या असल्या तर सव्वाआठ तासांच्या वर जातात. कॅशिअरला हा हिशेब करायची सवयच असते. अर्थात स्वस्तातल्या कुलपात चकतीवर बोट ठेवले की ती स्वतःच ‘इथे थांबा’ म्हणून सांगते, तो भाग निराळा.

मग न उघडणारे कुलूप असते का? लंडनमध्ये ब्रामा नावाच्या कारागिराच्या दुकानात एक कुलूप खिडकीत मांडून ठेवले होते. उघडील त्याला दोनशे गिनी बक्षीस. साठएक वर्षे ते तसेच राहिले. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाचा अमेरिकन गृहस्थ आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने ते उघडले. लोक ही गोष्ट ‘पहा, प्रत्येक कुलूप उघडते’ म्हणून सांगतात. मला ती उलट दिसते. विमानतळाच्या मागच्या बाजूला एक्कावन्न तास कोणाजवळ आहेत? तिथे दोन-चार मिनिटांची चलाखी टाळली की पुष्कळ झाले. त्यासाठी 1897 साली मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी सुरू केलेल्या कारखान्यासारख्या नावाजलेल्या घरचे किंवा एखादे चांगले अलीगढी कुलूप पुरते. कडी पोलादी आणि आखूड हवी; लांब कडीत पहार घालून पिळता येते, शिवाय पेटी ढकलली जाताना ती कुठेतरी अडकते. आणि कडी पेटीच्या भोकात बेताने भरणारी असावी, लोंबती नको.

पण खरी कसोटी कुलपाची नसतेच. ती मी घरच्या ओसरीवर घेतली.

पेटी चार फुटांची, काळी, कठीण प्लॅस्टिकची. कुलपासाठी चार भोके. दोन मध्यावर, दोन टोकांना. भावाने आपली दोन गजराजे मधल्या भोकांत अडकवली होती. मी सात वर्षांच्या नातवाला बोलावले आणि म्हटले, ‘बाळ, कोपऱ्यातून हात घाल पाहू.’ मी झाकणाचा कोपरा वर ओढला. प्लॅस्टिक लवले, बोटभर फट पडली, आणि त्या लेकराने मनगटापर्यंत हात आत घालून फोमचा एक तुकडा काढून दाखवला. वर विचारले, ‘अजून काय काढू?’

भाऊ काही वेळ पेटीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘दादा, हे तर आपल्या देवाचंच झालं की!’

माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. हिरण्यकश्यपूने वर मागितला तो असाच चारी बाजूंनी कुलपे लावून. माणसाकडून नको, जनावराकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, शस्त्राने नको. एकेक कुलूप भक्कम. देव आला तो उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नखे घेऊन. दोन कुलपांच्या मधल्या फटीतून! नृसिंहाच्या गावात जन्मलेल्या माणसाला कोयंडा पाहायला शिकवावे लागू नये. पण आपण सारे कुलूपच पाहतो.

तेव्हा चारही भोके भरायची असे ठरले. चार कुलपे, पण चार किल्ल्या नकोत. काउंटरवर मागे रांग उभी असताना मुलीने जुडगा चाळत बसणे बरे नव्हे. एकाच किल्लीने उघडणारा संच मिळतो. दुकानदार कुरकुरतो, पण मागवून देतो. पेटीवर कंपनीची रंगीत चिकटपट्टी होती, ती खोबरेल लावून खरवडून काढली. आत काय आहे ते वाटेवर सर्वांना ओरडून सांगण्याचे कारण काय? रायफलीचा बोल्ट काढून फोममधल्या त्याच्या खळगीत निराळा ठेवला.

संचाबरोबर तीन किल्ल्या आल्या, आणि तिथे घरात वाद पेटला.

भावाचे म्हणणे साधे होते. एक किल्ली पोरीजवळ, एक आपल्याजवळ. तो तिला पोचवायला चिकलठाण्यापर्यंत येणार होता. ‘पोरगी घाईत असते, कुठं टाकली बिकली तर? लेकराला काय कळतंय!’ वहिनींच्या कमरेला घरच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. त्यांना वाटले तिसरी त्यात अडकवावी. आमच्याकडे किल्ली ही मायेची वस्तू आहे. ज्याची काळजी जास्त, त्याच्याजवळ किल्ली.

बँकेत आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागत. एक मॅनेजरजवळ, एक माझ्याजवळ. दोन्ही फिरल्याशिवाय दार हलत नसे. लोकांना वाटते हे चोरासाठी. चोरासाठी दार पुरेसे जाड होते. दोन किल्ल्या होत्या त्या आम्हां दोघांसाठी. सकाळी एक नोट कमी भरली तर कोणाकोणाला विचारायचे, याचा त्यात निकाल होता. मी आजारी पडलो की माझी किल्ली सही घेऊन, वेळ लिहून दुसऱ्याच्या हवाली करावी लागे. एकदा तापाने फणफणत असताना मी रिक्षात बसून ती सही करायला गेलो आहे.

मी भावाला विचारले, ‘उद्या पेटीत काही कमी-जास्त निघाले, तर पोलीस कोणाला विचारतील?’

‘तिला. परवाना तिचा.’

‘आणि ती काय सांगणार? एक किल्ली बाबांजवळ असते, एक आईच्या कमरेला?’

भाऊ गप्प झाला. त्याला राग आला होता, तो मला नव्हे, कायद्याला. कर्ज त्याच्या नावावर, शेत त्याचे, मुलगी त्याची. आणि पेटीची किल्ली त्याच्याजवळ असू नये! मला त्याचे वाईट वाटले. आपल्या मुलीला आपण इतके काही दिले, की आता तिच्या पेटीला हात लावायचा आपल्यालाच अधिकार उरला नाही, हे कोणत्याही बापाला एका संध्याकाळीत पचणारे नाही.

इतका वेळ पुतणी काही बोलली नव्हती. तिने तीनही किल्ल्या उचलल्या. एक गोफात ओवून गळ्यात घातली. दुसरी पाकिटात घालून ते चिकटवले आणि आपल्या हातातल्या पिशवीत ठेवले. सामानाच्या बॅगेत ठेवली तर किल्लीच विमानाच्या पोटात जायची. तिसरी तिने घरच्या बंदुकीच्या लोखंडी कपाटात टाकली आणि कपाट लावून त्याची किल्लीही घेतली. ‘बाबा, कुणी विचारलं तर सांगता येईल तुम्हाला,’ ती म्हणाली, ‘की माझ्याजवळ काहीच नाही म्हणून.’

चिकलठाण्याला मीही गेलो होतो. भावाचा आणि माझा प्रवेश दारापर्यंतच. आत जायला तिकीट लागते. काचेतून तिची पाठ दिसत होती. काउंटरवर पेटी आडवी ठेवलेली, एक गणवेशातला माणूस परवान्याची पाने उलटतो आहे, दुसरा काही लिहून घेतो आहे. मग तिने मान वाकवून गोफ काढला. चारही कुलपे उघडली, रायफल तपासून झाली, चारही पुन्हा लागली. भाऊ काचेला नाक लावून मोजत होता, ‘एक... दोन...’ शेवटचे लागल्यावर एका माणसाने पेटी उचलून नेली. तिने मागे वळून पाहिले नाही. पाहते कशाला? रांग होती.

दिल्लीहून परतताना पेटी पुन्हा उघडायला लावली, तीही तिच्या समोर, तिच्याच किल्लीने. नंबर कितवा आला ते तिने छापायचे नाही असे बजावले आहे. पुढल्या वर्षी छापा म्हणते.

मोठ्या मंडळींनाही या पेट्या चुकलेल्या नाहीत. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी ऑलिंपिकचे कांस्यपदक घेताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. म्युनिकला 2010 साली जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंतही कोल्हापूरचीच. त्यांच्या रायफलीही अशाच पेटीतून सातासमुद्रांपलीकडे गेल्या असणार, आणि निघण्यापूर्वी कोणीतरी भोके मोजली असणार.

चारांपैकी एक कुलूप आता जरा जड फिरते. भावाने त्यात शिवणयंत्राचे तेल घालायचे काढले होते, मी अडवले. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात आत चिखल होतो. शिसपेन्सिलीचे टोक ब्लेडने तासून तो काळा चुरा किल्लीच्या दातांना लावावा, आत घालून चार वेळा फिरवावी. मात्र त्यासाठी किल्ली हवी, आणि पुतणी रविवारी येणार आहे.