फ्युसूनला कुणी विचारलं?

तुर्की लेखक ओरहान पामुक यांची ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ ही २००८ची कादंबरी आम्ही मियां-बीवीने एकापाठोपाठ वाचली आणि चांगलेच भांडलो. इस्तंबूलचा श्रीमंत केमाल तिशीचा, साखरपुडा ठरलेला. दूरच्या नात्यातली फ्युसून अठराची. तिचा निकाह दुसऱ्याशी होतो, तरी हा आठ वर्षं तिच्या घरी जेवायला जातो. तिच्या सिगारेटची ४,२१३ थोटकं जमवतो! मजनूनेही एवढा हिशेब ठेवला नसेल.

बाहेर डावे-उजवे एकमेकांना गोळ्या घालताहेत. १२ सप्टेंबर १९८०ला लष्कर सत्ता बळकावतं, संचारबंदी लागते. केमालला फिकीर एकच, दहाच्या आत तिच्या घरून उठावं लागणार. एका रात्री शिपायांना तपासणीत त्याच्याजवळ तिच्या घरची बिहीची किसणी सापडते. बिही म्हणजे ज्याचा बिहीदाणा आपण खोकल्यावर भिजवतो, ते फळ. इथे आम्ही पोटभर हसलो.

पुढे हसू आलं नाही. फ्युसूनला सिनेमात काम करायचं होतं, ते होऊ दिलं जात नाही. थोटकं मोजणाऱ्या केमालला तिने घातलेलं कानातलं मात्र दिसत नाही. आमच्यातला एक म्हणतो, हे सच्चं इश्क. दुसरी म्हणते, निकाहाच्या दिवशी वकील-साक्षीदार मुलीची इजाजत घ्यायला जातात, हिला आठ वर्षांत कुणी विचारलं?

पामुक यांनी २०१२मध्ये इस्तंबूलला हे संग्रहालय खरंच उघडलं. थोटकं तिथे भिंतीवर आहेत. आमच्यातल्या एकालाच ती पाहायचीत.