एका संपादकाचा चष्मा

मुद्रिते तपासावयास बसलो की प्रथम आमचा हात चष्म्याकडे जातो. तो पुसताना आम्हांस पुष्कळदा दुसऱ्या एका चष्म्याची आठवण होते. तो होता म्युनिकच्या एका संपादकाचा. १९३४ च्या उन्हाळ्यात तो त्याच्या पत्नीकडे परत आला, तेव्हा त्यावर रक्त वाळलेले होते. पतीच्या मृत्यूची वार्ता तिला कळली ती अशी.

फ्रिट्झ गेर्लिख यांचा जन्म १८८३ साली श्टेटिन नगरीत, एका कॅल्व्हिनपंथी कुटुंबात झाला. इतिहासात डॉक्टरेट मिळवून ते बव्हेरियाच्या अभिलेखागारात नोकरीस लागले आणि १९२० मध्ये म्युनिकच्या एका मोठ्या दैनिकाचे प्रमुख संपादक झाले. ते कट्टर राष्ट्रवादी होते. परंतु नोव्हेंबर १९२३ मध्ये हिटलरने बळाने सत्ता हस्तगत करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या माणसाचे खरे रूप त्यांच्या ध्यानी आले.

१९२७ साली ते कॉनर्सरॉइथ या खेड्यात गेले. तेथील थेरेसा नॉइमान या शेतकरी कुटुंबातील युवतीच्या देहावर ख्रिस्ताचे घाव उमटतात, अशी वदंता होती. हे थोतांड उघडकीस आणावे, हा गेर्लिख यांचा हेतू. मात्र पाहून, तपासून, पुन्हा पुन्हा जाऊन ते परतले ते वेगळेच मत घेऊन. १९२९ मध्ये त्यांनी या विषयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि २९ सप्टेंबर १९३१ रोजी, संत मिखाएलाच्या सणादिवशी, कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. पुढे त्यांनी मिखाएल हेच नाव धारण केले.

एरिक फोन वाल्डबुर्ग-त्साइल या सरदाराच्या साहाय्याने त्यांनी एक साप्ताहिक चालविण्यास घेतले होते. जानेवारी १९३२ मध्ये त्याचे नाव ठेवले ‘डेर गेराडे वेग’, म्हणजे ‘सरळ मार्ग’. फादर इंगबर्ट नाब हे कॅपुचिन धर्मगुरू त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यात लिहू लागले. जुलै १९३२ मध्ये या पत्राने राष्ट्रीय समाजवादास उघडपणे महामारीची उपमा दिली आणि त्यातून द्वेष, असत्य व युद्धच निपजेल असे बजावले. त्याच महिन्याच्या निवडणुकीत नाझी पक्षास सुमारे ३७ टक्के मते पडली. वाऱ्याची दिशा स्पष्ट होती. तरीही लेखणी थांबली नाही.

९ मार्च १९३३ रोजी नाझी टोळ्या कचेरीत घुसल्या. गेर्लिख यांना बेदम मारहाण करून कैदेत टाकण्यात आले. सुमारे सोळा महिन्यांनी, ३० जून १९३४ च्या रात्री, त्यांना डाखाउच्या छळछावणीत नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. ना आरोपपत्र, ना न्यायालय.

वाचकहो, या चरित्रात आम्हांस हौतात्म्याहून अधिक अस्वस्थ करते ती आणखी एक गोष्ट. हा गृहस्थ आपली चूक दुरुस्त करू शकत होता. राजकारणात त्याने ती केली, श्रद्धेच्या बाबतीतही केली, आणि दोन्ही वेळा जे सत्य वाटले ते आपल्या नावाने छापले. आम्ही मात्र एकदा गावच्या जमिनीच्या व्यवहारावरील एक लेख ‘पुढील अंकी पाहू’ म्हणून बाजूस ठेवला. कोणी धमकावले नव्हते. दोन मोठ्या माणसांनी चहाच्या वेळी हसत हसत नापसंती दर्शविली, एवढेच. तो पुढील अंक कधी आला नाही. लेखकाने पुन्हा काही पाठविले नाही, आणि रविवारी मिस्सानंतर तो भेटला की आम्हीच नजर चुकवितो.

२०१७ च्या डिसेंबरात म्युनिक येथे गेर्लिख यांना धन्यवादित घोषित करण्याविषयीची धर्मप्रांतीय प्रक्रिया आरंभिली गेली. निर्णय ख्रिस्तसभा यथाकाल करील. आम्ही आमच्यापुरते एवढेच ठरविले आहे की, तो जुना लेख फडताळातून काढावा, त्या लेखकाच्या घरी जावे, प्रथम क्षमा मागावी आणि मग तो छापण्याची अनुज्ञा.