कुणाच्या तरी उंचीचा ओटा

बिल्डरने दिलेलं स्वयंपाकघर कुणाचंच नसतं. भिंतीला लागून काळ्या ग्रॅनाइटचा सरळसोट ओटा, त्याच्या टोकाला स्टीलचं उथळ सिंक, खाली कडप्प्याचे उघडे खण, वर दोन-तीन फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स आणि त्या पांढऱ्या ओळींत मधूनच छापलेली किटली, कपबशी, जांभळ्या द्राक्षांची परडी. ही द्राक्षं पेणमध्ये मी किती घरांत पाहिली असतील! कडव्या वालांच्या, पोह्याच्या पापडांच्या आणि सुकटीच्या या मुलखात कुणाला द्राक्षं सुचली, देव जाणे. पण त्याच द्राक्षांसमोर उभी राहून मी वर्षानुवर्षं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, मोड आलेले वाल सोलले, दुधावर डोळा ठेवला आणि नेमकं बघायचं विसरले, आषाढात खिडकीबाहेरचा हिरवा रंग दुपारी तीनलाच काळवंडून येताना पाहिला, आणि त्या काळोखात ट्यूबलाइट लावली की भिंत पुन्हा तशीच व्हायची. कोरी.

आता फ्लॅट विकून रोह्याच्या जुन्या घरी परतायचं ठरलं आहे. एजंट आला आणि हॉलमध्ये न थांबता थेट आत गेला. "ताई, एवढं किचन जरा करून घ्या. बाकी कोण बघतंय? घर किचनवर विकलं जातं." मग अटल सेतूचा विषय निघाला. तो हल्ली निघतोच. जानेवारी २०२४ मध्ये पूल सुरू झाला, तिसऱ्या मुंबईच्या नकाशात पेण तालुक्यातलीही गावं आली, आणि तेव्हापासून इथल्या बोलण्यात मुंबई रोज चार पावलं जवळ सरकते आहे. रंग फिकेच ठेवा, म्हणाला. ट्रॉल्या हव्यातच. चिमणीचा पॉइंट काढून ठेवा. आणि जाता जाता आवाज उतरवून, "गिऱ्हाईक येईल त्या दिवशी तेवढं सुकट-बिकट नको हं."

म्हणजे ज्या घरात मी राहणार नाही, ते घर मी ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी सजवायचं. आयुष्यभर माणसांची तोंडं बघून स्वयंपाक केला. कुणाला आमटी आंबट हवी, कुणाला कोकम चालत नाही, कुणाचं पान तुपाशिवाय हलत नाही. आणि आता बिनचेहऱ्याच्या माणसासाठी अख्खं स्वयंपाकघर मांडायचं. पहिल्यांदा हे खोटं वाटलं. गवंडी आला आणि ते खोटं उरलं नाही.

सिंकपाशी ग्रॅनाइटला तडा गेला होता, त्यामुळे ओटा उतरवून नवा बसवायचा होता. जुनी पाटी निघाली, खालची सिमेंटची खडबडीत रेघ उघडी पडली, आणि गवंडी टेप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "ताई, उंची किती ठेवू?"

साधा प्रश्न. बत्तीस ते चौतीस इंच, हे कुणीही सांगेल. पण त्याने पुढे आपला हात कोपरात वाकवून दाखवला. जी बाई उभी राहणार, तिच्या कोपराच्या चार बोटं खाली ओटा असावा, मग पाठ धरत नाही. आधीचा ओटा मला ठेंगणाच होता. पोळ्या लाटता लाटता कमरेच्या वर, डाव्या बाजूला, एक बारीक कळ यायची. ती कळ मी वयाची समजत होते, ती बिल्डरची होती. आता उंची सांगायची होती ती माझ्या कोपराची नव्हे. कुठल्याशा गावात, कुठल्याशा भाड्याच्या खोलीत, या क्षणी तांदूळ निवडत बसलेल्या एका बाईच्या कोपराची. ती उंच असेल? बुटकी असेल? की स्वयंपाक करणारा एखादा पुरुषच असेल? मी माझाच हात वाकवला, मग तो थोडा खाली आणला, मग थोडा वर, आणि हवेत त्या न पाहिलेल्या देहाचा अंदाज घेत राहिले. गवंडी थांबला होता.

"तेहतीस," मी म्हटलं.

रोह्याला, अष्टमी गावातल्या घरात, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तिथे ओटा नव्हता. आजी पाटावर बसायची आणि तिचं सगळं जग बसल्या हाताच्या टप्प्यात असायचं. समोर चूल, चुलीच्या अंगाला वैल, उजवीकडे विळी, डावीकडे मिठाचं मडकं, पाठीशी पाटा-वरवंटा. ती उठायची ती फक्त पाणी आणायला आणि देवाला. मंगळुरी कौलांच्या छपरात एक काचेचं कौल होतं, आणि सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उन्हाचा एक तिरपा खांब खाली उतरायचा. चुलीचा निळा धूर त्या खांबात शिरला की दिसू लागायचा, वेटोळी घालत, सावकाश, वर जायची काही घाई नसल्यासारखा, आणि खाली आजीचा हात त्या उजेडात आला की पिठाने पांढरी झालेली बोटं क्षणभर स्वतःच उजळून निघायची. कुंडलिका नदीवरून वारा आला की तो खांब हलतो असं मला वाटायचं. हलायचा धूर. डोळे चुरचुरायचे, खोकला यायचा, आणि तरीही तिथून उठावंसं वाटायचं नाही. आज कळतं की त्या धुराने आजीचे डोळे आणि छाती दोन्ही खाल्ली. सुंदर होतं म्हणून ते बरं होतं, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

उभ्याने रांधणाऱ्या, एका ओळीत आखलेल्या आपल्या स्वयंपाकघरांचं मूळ शोधत गेलं तर वाट फार लांब, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टपर्यंत जाते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईने तिथल्या कामगार वस्त्यांसाठी जेमतेम सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून तिने धडा घेतला होता. पावलं वाचावीत, हात पोचावा, बाईचा वेळ तिचा तिला मिळावा. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. स्वतः तिने तोवर कधी स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच पुढे सांगितलं. मला त्याचं हसू येत नाही. तीही हवेतच हात वाकवून कुणाच्या तरी कोपराचा अंदाज घेत असणार. तिच्यामागे तळमळ होती. आमच्या इमारतीत ती गाळून फक्त चौरस फूट उरले.

सुतार आला तो प्लायवुडचे दोन तुकडे घेऊन. एक स्वस्त, एक महाग. पेणची हवा कसली असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एका अंगाला धरमतरची खाडी आणि खारेपाटाची मीठ चढलेली जमीन, दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि जूनपासून चार महिने भिंतींतून, चादरींतून, काडेपेटीतून झिरपणारी ओल. भुशाच्या दाबलेल्या फळीचं कपाट इथे तिसऱ्या पावसाळ्यात फुगतं, बिजागरी गंजते, शटर करकरत तिरकं लोंबतं. मरीन प्लाय आयएस ७१० चा असेल तर त्याचा नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून पारखतात, आणि तरी त्याचे थर सुटायचे नसतात. विकायचंच आहे तर स्वस्त लावा, दिसायला सारखंच, असं सुतारही म्हणाला आणि एजंटही. वरून सनमायका चढला की आतलं कोण बघतो?

मी महाग तुकडा उचलून नाकाशी धरला. ओल्या लाकडाचा, डिंकाचा, थोडा जंगलाचा वास.

पेणमध्ये राहून हे मला वेगळं कुणी शिकवायला नको होतं. हमरापूर-जोह्याच्या बाजूला गेलं की घराघरांत, पडव्यांत, पत्र्याच्या शेडांत गणपती ओळीने बसलेले असतात, पांढरे, बिनडोळ्यांचे, खांद्यावर धूळ घेऊन. माघ नाही, भाद्रपद नाही, कुठल्याही महिन्यात. यातला जवळजवळ कुठलाच गणपती करणाऱ्याच्या घरी बसणार नसतो. तो पुण्याला जाईल, मुंबईला जाईल, जहाजातून समुद्रापार जाईल, न पाहिलेल्या दिवाणखान्यात न ऐकलेल्या आवाजांच्या आरत्या घेईल. आणि तरी आखणी करणारा माणूस श्वास धरून, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून, केसाएवढ्या कुंचल्याने बुबुळ काढतो, मागे सरकतो, मान कलती करतो, पुन्हा पुढे येतो. मूर्तीची पाठ सोंडेइतकी कुणी बघत नाही. ती पाठही घासलेली असते. आपल्या हाताखालून जाणारी वस्तू दुसऱ्याच्या घरी नांदायची आहे, हे या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि म्हणून की काय, दुसऱ्याचं म्हणून काम हलकं करायची रीत मला इथे दिसली नाही.

मरीन प्लाय लागला. सुतार दिवसभर काही बोलला नाही, पण बिजागऱ्या त्यानेच होऊन स्टेनलेस स्टीलच्या आणल्या.

मग एकेक करून घर बदलत गेलं. द्राक्षं फुटली. हातोडीच्या तिसऱ्या घावाला परडी दुभंगली आणि मला नवल वाटेल इतकं वाईट वाटलं. त्या जागी फिक्या हस्तिदंती टाइल्स आल्या. खोल सिंक आलं, कढई आडवी मावेल असं. शटरांना मॅट राखाडी सनमायका, बोटांचे ठसे न धरणारा, कुणालाच न खुपणारा आणि कुणाच्याच मनात न भरणारा. मिक्सरला, फ्रिजला, पाण्याच्या फिल्टरला आपापला प्लग मिळाला, आणि भिंतीवरून लोंबणारी एक्स्टेन्शनची पांढरी वायर गेली. वरच्या कपाटांच्या तळाशी सुताराने एलईडीची पट्टी चिकटवली. संध्याकाळी, घरात कुणी नसताना, मी ती पहिल्यांदा लावली. उजेड वरून तिरपा, नेमका ओट्यावर पडला, ट्यूबलाइटसारखा खोलीभर सांडला नाही. मी कुकरचं झाकण काढलं. भाताची वाफ त्या उजेडात शिरली आणि दिसू लागली.

किती वेळ मी हात तसाच धरला होता कुणास ठाऊक. बोटं भाजली तेव्हा मागे घेतली.

पहिलं गिऱ्हाईक रविवारी आलं. नवरा, बायको आणि आईच्या ओढणीला धरून चालणारी एक मुलगी. नवरा एजंटबरोबर पार्किंगचं बोलत राहिला. बाई सरळ स्वयंपाकघरात गेली, पर्स ओट्यावर ठेवली, आणि मी सांगायच्या आत एकेक ट्रॉली ओढून बघितली. शटरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. नळ सोडला, बंद केला. खिडकी उघडली. मग ओट्यासमोर उभी राहून लाटणं धरल्यासारखे हात पुढे केले, आणि मी बघतच राहिले, कारण तिचे कोपर माझ्या अंदाजाच्या चांगलेच खाली होते.

"मला उंच पडतो थोडा," ती म्हणाली. "पाट घेईन पायाखाली."

"आधी सांगितलं असतंत तर," मी म्हटलं, आणि आम्ही दोघीही हसलो.

तिने पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवली. काम पक्कं आहे म्हणाली. उजेड छान आहे म्हणाली. मग राखाडी शटरांकडे बघत जरा रेंगाळली. "हा रंग मात्र मी बदलणार हं. मला हिरवा लागतो." एजंट दारात येऊन उभा होता, त्याचा चेहरा पडला, आणि तो घाईघाईने काही तरी सावरायला पुढे झाला. मी त्याला हातानेच थांबवलं.

"हिरवा कुठला?" मी तिला विचारलं. "पोपटी, की रोपांसारखा?"