ताईची भिशी आणि दोन तबकड्या

साहित्याच्या अध्यापकाकडे माणसे कोणकोणती कामे घेऊन येतात, याची एक यादी आम्ही मनाशी बाळगून आहोत. लग्नपत्रिकेचा मजकूर, सेवानिवृत्ताचे मानपत्र, सोसायटीच्या तक्रारअर्जातले ऱ्हस्वदीर्घ, एकदा तर दशक्रियेच्या निवेदनात ‘दुःखद’ लिहावे की ‘दुःखःद’ याचा निवाडा. या यादीत अलीकडे जी भर पडली, तिने मात्र आमची पुरती तारांबळ उडवली. मांजरीला राहणारी आमची थोरली बहीण एका रविवारी चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "पोराला ते डीजेचं मशीन घ्यायचंय. माझी भिशी लागलीय, बारा हजार आहेत. कुठलं घ्यायचं ते तू ठरव. तू शिकलेला आहेस."

हे बारा हजार गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी होते. आम्हांला ते ठाऊक होते आणि भाच्यालाही ठाऊक होते. तो दिवसा डिप्लोमाच्या वर्गात बसतो आणि लग्नसराईत एका मांडववाल्याकडे वायरी ओढण्याचे काम करतो. खोकी उतरवायची, केबल अंथरायची, रात्री त्या गुंडाळायच्या. कन्सोलपाशी उभे राहणारा माणूस वेगळा, आणि त्याला दुप्पट पैसे. भाच्याला त्या जागी जायचे होते.

‘डीजे’ हा शब्द ऐकताच आमच्या कपाळावर जी आठी उमटली, तिच्याविषयी आधी बोलले पाहिजे. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे; ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. पश्चिम महाराष्ट्रात तिला ‘डॉल्बी’ही म्हणतात, आणि भाषेने केलेल्या थट्टांमध्ये आम्ही हिला फार वर स्थान देतो, कारण रे डॉल्बी या अभियंत्याने 1965 मध्ये कंपनी काढली ती ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याच्या तंत्रावर. ज्याने आयुष्य नको असलेला आवाज घालवण्यात वेचले, त्याचे नाव आम्ही काचा हादरवणाऱ्या भिंतीला दिले. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालतात. मिरवणुकीच्या दिवशी हे आकडे काव्यच वाटतात. तेव्हा आम्ही भाच्याला, मामाच्या अधिकाराने, दोन शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "मामा, भिंत भाड्यानं मिळते. ती कुणीही उभी करतं. मला एका गाण्यातनं दुसऱ्या गाण्यात जायला शिकायचंय."

एका कृतीतून दुसरीत जाणे हे तर आमच्या पोटापाण्याचे काम! केशवसुतांवरून मर्ढेकरांवर जाताना वर्गाचा ठेका तुटू न देणे आम्हांला पंचवीस वर्षांत साधलेले नाही. आम्ही खुर्ची पुढे ओढली.

मिक्सिंगचा गाभा त्याने आम्हांला ताईच्या ओट्यावर दोन वाट्या ठेवून समजावला. एक गाणे लोकांना ऐकू येत असते. दुसरे फक्त वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये. मिनिटाला 124 ठोक्यांचे गाणे चालू आहे आणि पुढचे 128 चे आहे, तर पहिल्याचा वेग सुमारे सव्वातीन टक्के वाढवायचा किंवा दुसऱ्याचा उतरवायचा. मग दुसऱ्याचा ठोका पहिल्याच्या ठोक्यावर बरोबर बसवायचा. आणि मग कुठे ते लोकांच्या कानांवर हळूहळू आणायचे. मिनिटाला अर्ध्या ठोक्याचा फरक राहिला, तर एका मिनिटात एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मधोमध येऊन पडतो आणि नाचणारा अडखळतो. म्हणजे सगळी विद्या एका गोष्टीवर उभी आहे: जे अजून कुणाला ऐकू आलेले नाही, ते आपल्याला आधी, वेगळे ऐकू आले पाहिजे.

हे ध्यानात आले आणि यंत्राची निवड आमच्या आवाक्यात आली. त्याआधी आम्ही चित्रांवरून निवडत होतो, जसे काही जण मुखपृष्ठावरून पुस्तके निवडतात. रंगीत दिव्यांचे आणि मोठ्या चकत्यांचे ते चांगले असे आमचे मत होते. आता प्रश्न एकच उरला: बारा हजारांत हेडफोनचा वेगळा आवाज देणारे कोणते?

लॅपटॉपला आवाजाचे भोक एकच असते. त्यातून स्पीकरला एक आणि हेडफोनला दुसरे गाणे द्यायचे, तर कंट्रोलरच्या पोटातच ध्वनीची सोय असावी लागते. पायोनियरचे ‘डीडीजे-200’ हे नवशिक्यांचे म्हणून गाजलेले यंत्र हाताळायला छान, पण ही सोय त्याच्यात नाही; सोबत एक दुफाटी केबल मिळते, तिने डावा आवाज एकीकडे आणि उजवा दुसरीकडे जातो. काम भागते, मात्र दोन्हीकडे गाणे अर्धेच पोहोचते. न्यूमार्कच्या ‘डीजे-टू-गो-टू टच’मध्ये सोय आहे, पण ते पट्टीसारखे अरुंद, भाच्याच्या वायरी ओढणाऱ्या हातांना त्यावर जागाच नव्हती. त्याच कंपनीचे 2022 च्या अखेरीस आलेले ‘एफएलएक्स-4’ सगळ्या बाबतींत सरस, आणि किंमत आमच्या आकड्याच्या दुपटीहून पुढे. (म्हणजे पायोनियरचे, न्यूमार्कचे नव्हे. वाक्यरचना चुकली, ती तशीच ठेवतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत आम्ही याला लाल शाईने खूण करतो.) त्यात ‘स्मार्ट फेडर’ नावाची एक युक्ती आहे: गाणे बदलताना वेग यंत्रच जुळवते. मार्गदर्शक वाचून परीक्षेला बसण्याची सोय, दुसरे काय.

मधल्या काळात एक मोहही होऊन गेला. एका विक्रेत्याकडे जुने, मोठे, चार वाहिन्यांचे यंत्र आमच्याच पैशांत मिळत होते. भाचा ते पाहून आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. पण आवाज कमीजास्त करायची पट्टी सरकवली की खरखर येते, असे त्याने स्वतःच सांगितले. झिजलेल्या पट्टीवर शिकणाऱ्याला चूक हाताची की यंत्राची, हे कळत नाही. शुद्धलेखन शिकताना छापील पुस्तकच चुकीचे असावे, तसे. ते सोडले.

यंत्र येण्याआधी दोन महिने त्याने आमच्या जुन्या लॅपटॉपवर काढले, आणि हेच आम्ही कुठल्याही होतकरूला आधी सांगू. ‘मिक्स’ नावाचे (इंग्रजीत शेवटी तीन ‘एक्स’ लिहितात) एक मोफत, खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर आहे. डेन्मार्कमधल्या एका संशोधकाच्या प्रबंधकार्यातून ते या शतकाच्या आरंभी निघाले, हे कळल्यावर आमचा त्यावरचा विश्वास एकदम वाढला. प्रबंधातून काही चालणारी वस्तू निघते, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. कळफलकावरून ते चालते. बोटांना चकती नसली तरी कान तयार होऊ लागतो, आणि हौस दोन महिने टिकते की नाही हेही फुकटात कळते.

याच दोन महिन्यांत तो प्रकार घडला ज्यामुळे हा मजकूर लिहावासा वाटला. भाच्याने ताईच्या कॅसेटांवरची जुनी कोळीगीते आणि लावण्या संगणकात उतरवून घेतल्या होत्या. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याचे ठोके मोजून त्यावर उभ्या रेघांची जाळी मारते, आणि ‘सिंक’ची कळ दाबली की दोन जाळ्या एकमेकींवर बसवते. नव्या, यंत्रावर घडलेल्या गाण्यांत हे चोख जमते. या कॅसेटांवर मात्र जाळी घसरत होती. आम्हांला उमगले ते असे: ही गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली. ढोलकीवाला लग्गी लावताना पुढे सरकतो, कडव्यावर मागे येतो, त्याला कुणी घड्याळ लावलेले नसते. शिवाय यंत्र धरून चालते की ठोके चार-चारच्या गटांत येणार. दादऱ्याच्या सहा मात्रा समोर आल्या की ते कधी भलताच वेग सांगते, तर कधी सम भलत्याच जागी मानते.

माधव जूलियन यांची ‘छंदोरचना’ शिकवताना आम्ही दरवर्षी सांगतो, की वृत्त, जाती आणि छंद यांची मोजमापे निराळी. अक्षरगणवृत्ताचे लघुगुरू लावून ओवी मोजायला गेलात तर ती तुम्हांला अशुद्ध दिसेल, आणि दोष ओवीचा नसेल. विद्यार्थी लिहून घेतात. भाच्याने ते लिहून न घेता एका घसरणाऱ्या रेघेवरून ओळखले. "मामा, याला चारच मोजता येतं," तो म्हणाला, "म्हणून हे कानानंच करायला पाहिजे."

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ग्रँडमास्टर फ्लॅशची गोष्ट आम्ही त्याला त्या रात्री सांगितली. सत्तरच्या दशकातला हा पोरगा, व्यवसायशिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. दुसरी तबकडी लोकांच्या आधी स्वतःला ऐकू यावी म्हणून त्याने एक खटका जोडून हेडफोनची सोय स्वतःच केली, आणि तिला लपाछपीच्या खेळाचे नाव दिले. ज्या सोयीसाठी आम्ही तीन आठवडे माहितीपत्रके वाचत होतो, ती या पैसे नसलेल्या मुलाने स्वतःसाठी खटक्याने बनवलेली होती. भाच्याने विचारले, "खटका कुठला वापरला त्यानं?" आम्हांला असे प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही.

शेवटी हर्क्युलीसचे ‘इनपल्स-200’ घेतले. दोन चकत्या, वेगाच्या दोन पट्ट्या, मधली आडवी पट्टी, हेडफोनला वेगळे भोक. सोबत कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर मिळते. उरलेल्या पैशांत कान पूर्ण झाकणारे साधे, वायरीचे हेडफोन. बिनवायरीचे स्वस्त मिळत होते, पण त्यांत आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, आणि इथे सगळा मामला त्या क्षणाचाच. स्पीकर घेतले नाहीत. यंत्रावर ‘सिंक’ची कळ आहेच, तिच्यावर भाच्याने जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली.

त्या पावसाळ्यात गच्ची गळली. मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेले, द्राक्षबागांच्या जागी इमारती आल्या, पण ताईचे घर गावठाणातले, जुने. पलंग भिंतीपासून ओढला, खाली पातेले ठेवले, आणि यंत्रावर खताच्या पिशवीचे प्लास्टिक. ताई त्याविषयी काही बोलली नाही. आम्ही गेलो की पातेल्याकडे पाहायचे टाळत असू.

श्रावणात तिथल्या देवळात सप्ताह बसतो. ताई महिला भजनी मंडळात टाळ धरते. चक्रीभजनात एकीचा अभंग संपता संपता दुसरीने आपला उचलायचा. मध्ये मृदंग थांबता कामा नये. एका रात्री ती तिथून परतली तेव्हा आम्ही घरीच होतो. भाचा अंधारात बसून सराव करत होता. घरात ऐकू येत होता तो फक्त चकतीवर बोट टेकल्याचा आवाज आणि पातेल्यात पडणारे थेंब. ताईने पाय धुतले, त्याच्या शेजारी बसली आणि हेडफोन मागितले. तिच्याच कॅसेटवरचे एक कोळीगीत आणि दुसरे कुठलेसे नवे गाणे चालू होते. पडद्यावर दोन्हींचा आकडा दशांशापर्यंत सारखा होता. ती डोळे मिटून ऐकत राहिली. उजव्या हाताची बोटे मांडीवर पडत होती, जशी टाळ नसताना पडतात.

"तुझं कोळ्यांचं पुढं पळतंय रे," ती म्हणाली.

भाच्याने पडद्याकडे पाहिले, मग तिच्या बोटांकडे पाहिले, आणि डाव्या चकतीला बोट लावून ती किंचित मागे ओढली.

"अजून," ताई म्हणाली.