एकोणीसचा पंखा

लेकीच्या डोक्यात पाण्याचं वेड शिरलं ते लेक सिटीला. मिनेसोटातलं, मिसिसिपीच्या काठचं छोटं गाव. तिथल्या लेक पेपिनवर १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन या कोवळ्या पोरानं बोटीमागे पाइनच्या फळ्यांवर उभं राहून दाखवलं आणि वॉटर स्कीइंग सुरू झालं. लेकीला मात्र दोन फळ्या नको होत्या. तिला वेकबोर्ड हवा होता: एकाच पाटीवर दोन्ही पाय अडकवून आडवं उभं राहायचं आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेवरून उडी घ्यायची. तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

मी मालवणची. बाबांच्या होडीचं आउटबोर्ड मी लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे बोट निवडणं मला जमेल असं वाटलं होतं. पहिली पाहिली ती सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची, ४० एचपीची. मासे धरायला उत्तम. पण इतकी हलकी, की पाण्यावर चढली की मागे लाट जवळजवळ उरतच नव्हती. तिथे माझ्या ध्यानात आलं, की लाट उठते ती बोटीच्या वजनानं आणि बुडाच्या आकारानं. मोटर फक्त ते वजन ओढते. दुसरी होती पोटात इंजिन असलेली खास वेकबोट. लाट देखणी, पण किंमत आवाक्याबाहेर आणि वजन आमच्या गाडीला न ओढवणारं.

तिसरी अठरा फुटी, फायबरची, मागे ११५ एचपीची चार-स्ट्रोक मोटर. मालक म्हातारा आणि सज्जन. त्यानं दोघांनाच बसवून एक फेरी मारली, बोट बाणासारखी सुटली. मी म्हटलं, अशी नको. आम्ही तिघं, शेजारी आणि तुम्ही, टाकी भरलेली, आणि मागे पाण्यात लेक. तिला ओढायचं तसंच ओढून दाखवा.

मग खरं चित्र दिसलं. नाळ आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला, आणि बोट आठ सेकंद नुसती पाणी ढकलत राहिली. आडव्या पाटीला पाण्याचा केवढा विरोध होतो! तेवढ्या वेळात पोरीचे हात भरून आले, दोरी सुटली. शेवटी उभी राहिली तेव्हा वेगळीच अडचण. वेकबोर्डिंगचा वेग ताशी तीस ते पस्तीस किलोमीटर, शिकणाऱ्यांसाठी त्याहूनही थोडा कमी. भरलेली बोट नेमकी त्याच वेगाला पाण्यावर राहू की खाली बसू अशा बेतात असते. चालवणारा सारखा थ्रॉटल मागेपुढे करतो आणि मागच्याला हिसके बसतात. जाहिरातीत लिहितात तो सर्वोच्च वेग इथे कुणाच्याच कामाचा नाही.

रात्री बाबांना फोन केला. मोटरचं कौतुक त्यांनी अर्ध्यावरच थांबवलं. "गो, घोडे मोजीत काय रवतंस? पंखो कसो आसा ता बघ."

पंखा एकोणीसचा होता. म्हणजे न घसरता एक फेरा घेतला तर बोट एकोणीस इंच पुढे जाईल इतका पीच. वेगासाठी चांगला, ओझ्यासाठी जड; सायकल वरच्या गिअरमध्ये ठेवून चढ चढण्यासारखं. पूर्ण थ्रॉटलवर, भरलेल्या बोटीत मोटर ५,१०० फेऱ्यांवर अडकत होती. तिच्या पुस्तकात ५,००० ते ६,००० ही कक्षा दिलेली. पीच एक इंचानं उतरवला की साधारण दीडशे-दोनशे फेरे वाढतात. सतराचा पंखा लावला आणि आकडा ५,५०० वर गेला. आठ सेकंदांची पाच झाली. वरचा वेग थोडा गेला, जाऊ दे.

बोट घेतली. दोरी मोटरवरून मोकळी जावी म्हणून उंच टॉवर बसवला. वजनासाठी पाण्याच्या पिशव्या घेतल्या, पण आधी काठाजवळची क्षमतेची पाटी वाचली: माणसं, मोटर, सामान मिळून १,५०० पौंड. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, ३३० पौंड. ते त्याच हिशेबात धरायचं. बोट मुळात मागे जड, म्हणून पिशव्या मध्यावर ठेवल्या.

यंदा लेक वेकसर्फिंग मागू लागली. त्यात दोरी आखूड, सर्फर बोटीच्या अगदी मागे, नंतर दोरी सोडून लाटेवर. आउटबोर्डचा पंखा तिथेच, उघडा, फिरत असतो. मी साफ नाही म्हटलं. यात तडजोड नाही. वेकबोर्डला पासष्ट-सत्तर फूट दोरी असते, तरीही ती पडली की तिला बोटीत घेताना मी मोटर न्यूट्रलला नाही ठेवत, बंद करते. ती रुसली. चार दिवस बोलली नाही.

पाचव्या दिवशी आली. संध्याकाळपर्यंत लाटेच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर तीनदा गेली, दोनदा पडली. उताराजवळ बोट ट्रेलरवर चढवली आणि तळाचं बूच काढलं. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून इथे कायद्यानं सगळं पाणी काढावं लागतं, पिशव्यांमधलंसुद्धा. लेक पिशवीवर गुडघे टेकून शेवटचं पाणी दाबून काढत होती. एकोणीसचा पंखा ट्रेलरच्या पेटीत, जाड फडक्यात गुंडाळलेला होता. तिनं तो बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. मालवणात तेव्हा पहाट होती, आणि ते जागे होते.